शिकारी कुत्र्यांचा घ्राणपल्ला

रानातल्या जनावराचा वास कुत्र्याला ज्या अंतरावरून लागतो आणि त्या वासावरून तो जनावरापर्यंत पोचू शकतो, ते अंतर म्हणजे त्याचा घ्राणपल्ला. हा पल्ला एका आकड्यात सांगता येत नाही. अमेरिकेतील मोहावे वाळवंटात कासवे शोधायला शिकवलेल्या कुत्र्यांची चाचणी झाली, तेव्हा त्यांना कासवाचा वास सरासरी १४ मीटरांवरून लागला; सर्वांत लांबचा पल्ला ६३ मीटरही भरला नाही. उलट उत्तर अटलांटिकमध्ये होडीत बसलेल्या कुत्र्यांना देवमाशाच्या तरंगत्या विष्ठेचा वास सुमारे १.९ किलोमीटरवरून आल्याची नोंद आहे. नाक दोन्हीकडे कुत्र्याचेच. कोरड्या मातीत निपचित पडलेले कासव जेमतेम वास सोडते. देवमाशाच्या विष्ठेला उग्र दर्प असतो आणि समुद्रावर वाऱ्याला अडवायला झुडूपही नसते.

शिकाऱ्यांच्या गप्पांत ‘पाच मैलांवरून वास काढला’ असे दाखले सर्रास येतात. त्यांत बहुधा दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. एक, जनावराच्या अंगावरून वाऱ्याबरोबर थेट नाकापर्यंत आलेला वास. दुसरी, जनावर चालून गेल्यावर जमिनीवर राहिलेला माग. पहिल्याचे माप अंतरात घ्यावे लागते, दुसऱ्याचे तासांत. मागावर पाच मैल गेलेल्या कुत्र्याला जनावराचा वास पाच मैलांवरून आलेला नसतो. त्याला दर पावलाला फक्त पुढच्या पावलाचा वास आलेला असतो.

नाकाचे काम. माणसाच्या नाकात गंधग्राही पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात, तर ब्लडहाउंडसारख्या कुत्र्यात त्या ३० कोटींपर्यंत असल्याचे अंदाज आहेत. केवळ पेशींच्या संख्येवर मात्र सगळे ठरत नाही. कुत्रा हवा आत ओढतो तेव्हा तिचा साधारण आठवा हिस्सा श्वासाच्या वाटेने न जाता नाकाच्या मागच्या बाजूच्या एका वेगळ्या कप्प्यात शिरतो आणि तिथे रेंगाळतो. बाहेर सोडलेली हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून तिरकी निघते, त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही. जमिनीवर हुंगताना हे चक्र सेकंदाला पाच-सहा वेळा चालते.

धावताना तऱ्हा बदलते. नॉर्वेतील संशोधकांनी इंग्लिश सेटर जातीच्या कुत्र्यांवर उपकरणे बांधून १९९६ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. वाऱ्याला तोंड देऊन, मान वर करून पळणारा कुत्रा ४० सेकंदांपर्यंत नाकातून हवा सतत आतच घेत राहतो. या काळात त्याचे तीसेक श्वासोच्छ्वास होऊन जातात. ते चालतात तोंडावाटे. म्हणजे भरधाव पळतानाही वासाची धार तुटत नाही. पण ही सोय दमलेल्या कुत्र्याला मिळत नाही. धापा टाकून अंग थंड करण्याची वेळ आली की हुंगण्याचे काम मागे पडते. स्फोटके हुडकणाऱ्या कुत्र्यांवर इस्राएलमध्ये झालेल्या प्रयोगांतही धाप वाढली की कामगिरी घसरलेली दिसली. भर उन्हात कुत्र्याला वास ‘लागत नाही’ म्हणतात, त्यात हवेइतकाच या धापेचाही दोष असतो.

वाऱ्यावरचा वास. जनावराच्या अंगावरून निघालेला वास चोहीकडे सारखा पसरत नाही. चुलीच्या धुरासारखा तो वाऱ्याच्या दिशेने लांबत जातो, मध्येच तुटतो, पीळ घेतो, खड्ड्यात साचतो. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, उभ्या असलेल्या कुत्र्याला वीस पावलांवरचे डुक्कर कळत नाही. खालच्या अंगाला असेल तर तेच कितीतरी लांबून कळते. म्हणून जाणता कुत्रा सरळ धावत नाही. तो वाऱ्याला आडवा, डावीकडून उजवीकडे असा नागमोडी फिरतो. वासाचा एखादा धागा नाकाला लागला की झटकन वाऱ्याच्या तोंडावर वळतो आणि तो सुटला की पुन्हा आडवा जातो.

मंद पण एका दिशेचा वारा सर्वांत सोयीचा. वारा पडलेला असेल तर वास जागीच घुटमळतो, सोसाट्याचा असेल तर तो फाटून विरळ होतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते आणि वासही कुत्र्याच्या डोक्यावरून निघून जातो. पहाटे आणि सांजवेळी थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो, तेव्हा वास खालीच राहतो. दमट हवेत नाकही ओले राहते आणि गंधाचे कणही टिकून राहतात. मात्र कडाक्याच्या हिमात जमीन गोठली की गंधाचे बाष्प होणेच मंदावते. ग्रीक लेखक झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सशाच्या शिकारीबद्दल लिहिताना हिमाची ही अडचण नोंदवली आहे, आणि वसंतात फुलांच्या वासात सशाचा वास मिसळून कुत्रे गोंधळतात हेही. पौर्णिमेच्या चांदण्याने वास फिका पडतो, असेही तो म्हणतो. ते मात्र सोडून द्यावे.

प्रत्यक्ष मोजमापे थोडीच आहेत आणि ती गप्पांच्या मानाने माफक आहेत. वन्यजीव संशोधनासाठी जनावरांची विष्ठा शोधणारे कुत्रे कॅलिफोर्नियात तपासले गेले. वाटेपासून १० मीटरांच्या आतल्या चारांपैकी तीनहून अधिक विष्ठा त्यांनी काढल्या. त्यापलीकडे प्रमाण उतरत गेले. जिवंत, मोठ्या जनावराचे गणित निराळे. मिशिगनमधील आइल रॉयल बेटावर लांडग्यांचा अभ्यास झाला, तिथे लांडग्यांना मूस या प्रचंड हरणाचा वास बहुतेकदा तीनशे मीटरांच्या आतच लागे, तरी वारा जमला तर दोन-अडीच किलोमीटरवरूनही लागल्याचे दिसले. स्वीडन-नॉर्वेत मूसच्या शिकारीला मोकळे सोडलेले यॅम्टहुंड आणि एल्कहाउंड जातीचे कुत्रे जनावर हुडकून, भुंकून त्याला जागी खिळवून धरतात. हल्ली त्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे असतात आणि कुत्रा कुठे वळला ते शिकाऱ्याला मोबाइलवर दिसते. तितर-लाव्यांसमोर थबकणाऱ्या पॉइंटर जातीच्या कुत्र्याचा पल्ला याच्या मानाने तोकडा, बहुधा शंभर मीटरांच्या आतला असतो. पण तिथे पक्षी उडू न देता त्याची जागा दाखवणे हेच काम असते.

जमिनीवरचा माग. मागात नुसता जनावराच्या अंगाचा वास नसतो. चुरगळलेले गवत, उकरली गेलेली माती, गळालेल्या त्वचेचे कण आणि हरणासारख्या प्राण्यांत खुरांच्या फटीतल्या ग्रंथींचा स्राव, असे सगळे त्यात मिसळलेले असते. ताज्या मागावर कुत्रा जोराने धावतो. शिळ्या मागावर नाक जमिनीला टेकवून, पाऊल पाऊल शोधत जातो.

माग उलट्या दिशेने काढला तर कुत्रा जनावरापासून दूर जाईल. ही दिशा त्याला कशी कळते याचा शोध ऑस्लो येथे १९९३ मध्ये घेण्यात आला. कुत्र्यांना माणसाच्या पावलांच्या रांगेवर आडवे आणून सोडले. ते आधी थबकले, दोन ते पाच पावले हुंगली आणि काही सेकंदांत बरोबर दिशेला वळले. पावले गवतावर २० मिनिटांपूर्वीची, काँक्रीटवर ३ मिनिटांपूर्वीची होती. लागोपाठच्या दोन पावलांत वेळेचा फरक जेमतेम सेकंदाचा. तरी कोणते पाऊल नंतरचे ते नाकाला कळले. पुढे बेलफास्टमधील प्रयोगांत दिशा ठरवायला पाच पावले लागतात असे दिसले.

माग किती शिळा चालतो, याचा कस जर्मनीतील घायाळ जनावर शोधणाऱ्या कुत्र्यांच्या परीक्षांत पाहायला मिळतो. तिथे किमान १००० मीटरांचा वळणदार माग पाव लिटर रक्ताने आखतात आणि तो २० किंवा ४० तास तसाच सोडून मग लांब दोरीवर बांधलेल्या कुत्र्याला त्यावर लावतात. हजार मीटरांवर पाव लिटर म्हणजे मीटरला पाव मिलिलिटर, जेमतेम काही थेंब. मधल्या रात्री दव पडते, इतर हरणे, रानडुकरे तो माग ओलांडून जातात. हानोव्हर आणि बव्हेरिया येथील या कामाच्या खास जाती आहेत. एकाच जनावराचा माग धरून बाकीचे ताजे वास सोडून देणे, हेच त्यांच्या शिक्षणातले अवघड काम. नुसत्या तीव्र नाकाचा इथे उपयोग नाही.

जनावरांची बाजू. ससा आल्या वाटेने मागे फिरतो आणि बाजूला लांब उडी मारून माग तोडतो. कोल्हा मेंढ्यांच्या कळपातून नाही तर ओढ्यातून निघून जातो. हरणाच्या तान्ह्या पाडसाला फारसा वासच नसतो. आई त्याला गवतात एकटे ठेवते, ते त्यामुळेच. जमिनीवर घरटे करणारे काही किनारी पक्षी अंडी उबवण्याच्या काळात पिसांना लावायच्या मेणाचे रसायन बदलतात. नेदरलँड्समध्ये शिकवलेल्या जर्मन शेफर्डला हे बदललेले मेण हुडकणे जड गेले.

भारतातील स्थिती. मराठी वाचकाच्या मनात शिकारी कुत्रा म्हटला की कारवान किंवा मुधोळ येतो. हे दोन्ही नजरेचे कुत्रे आहेत. दख्खनच्या उघड्या माळावर उठलेला ससा पाहायचा आणि वेगाने गाठायचा, हे त्यांचे काम. त्यांना वास कमी येतो असे नाही, पण त्यांची निवड पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांवर आणि पायांवर झाली. त्यामुळे घ्राणपल्ल्याची वरील चर्चा त्यांना फारशी लागू पडत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे कुत्रे घालून शिकार करणे भारतात गुन्हा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्येही २००४ च्या कायद्याने कोल्ह्याची तशी शिकार बंद झाली. भारतात हे नाक आता उलट बाजूने कामाला लागले आहे. २००८ पासून वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या कार्यक्रमात शिकवलेले कुत्रे वन खात्यांना मिळू लागले, आणि वाघाची कातडी, हाडे किंवा हस्तिदंत लपवलेली गाडी, घर, पिशवी ते शोधून काढतात. इथे पल्ला काही मीटरांचाच लागतो. पण बंद पेटीतला, मसाल्यांच्या वासाने झाकलेला माल ओळखायचा असतो.