चिलगोजा एवढा महाग का? आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

दुकानात आणि व्हॉट्सॲपवर आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे चिलगोज्याचा रेट काजू-बदामाच्या कितीतरी पट का, आणि त्याच्या मागोमाग ठरलेला दुसरा, की महाबळेश्वरला पण थंडी असते ना, मग तिकडे कोणी लावत का नाही. दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं म्हणून हा कागद ऑर्डरसोबत टाकतोय, सवडीने वाचा.

चिलगोजा म्हणजे पाइनच्या एका जातीचं बी. झाड जंगलातलं, बागेतलं नाही, आणि जगात मोजक्याच ठिकाणी आहे, आपल्याकडे हिमाचलात किन्नौर आणि चंब्याचा पांगी भाग, बाकी पाकिस्तान आणि पूर्व अफगाणिस्तानातले डोंगर. उंची साधारण 1800 ते 3300 मीटर. आता आपलं कळसूबाईचं शिखर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, ते 1646 मीटर, म्हणजे आपला महाराष्ट्र जिथे संपतो त्याच्याही वर या झाडाची सुरुवात होते. महाबळेश्वर तर साडेतेराशेच्या आसपासच.

बरं मग तमिळनाडूतल्या निलगिरीच्या डोंगरात लावा, तिथलं दोड्डाबेट्टा शिखर 2637 मीटर आहे, असं एका गिऱ्हाईकाने सुचवलं होतं. मुद्दा बरोबर वाटतो पण नाही जमणार, कारण डोंगर चढलं की हजार मीटरला साधारण 6 ते 6.5 डिग्री टेंपरेचर उतरतं हे खरं असलं तरी नुसत्या उंचीने गारवा मिळतो, ऋतू मिळत नाहीत. विषुववृत्ताकडच्या डोंगरावर दिवस-रात्रीच्या टेंपरेचरमध्ये फरक मोठा, पण डिसेंबर आणि मे यांच्यात फार नाही. किन्नौर 31-32 अक्षांशावर आहे, तिथे हिवाळ्यात झाड बर्फात गप्प पडून असतं आणि जूनमध्ये दिवस चौदा तासांच्या वर जातो (पुण्यात सव्वातेराच्या आसपास), म्हणजे थोडेच महिने पण भरपूर उजेडाचे, त्यात वर्षाची सगळी वाढ उरकायची. शिवाय तिथे मान्सून पुढच्या रांगांवरच अडतो, महाबळेश्वरात धो धो आणि माण-खटावला टँकर तोच प्रकार, त्यामुळे झाडाला पाणी मिळतं ते मुख्यतः वितळलेल्या बर्फाचं. आपला चार महिन्यांचा पाऊस त्याच्या मुळांना मानवायचा नाही.

उंची आणि अक्षांश एकमेकांची भरपाई कशी करतात ते बघायचं असेल तर कोरियन पाइन बघा, बाजारात जे सोललेले पांढरे पाइन नट मिळतात ना, त्यातले पुष्कळसे याच जातीचे असतात. उत्तरेला हे झाड 600 ते 900 मीटरवर सुखाने वाढतं आणि दक्षिणेकडे जपानात तेच झाड 2000 ते 2600 मीटरवर जाऊन बसतं. उत्तरेची थंडी मिळाली नाही म्हणून वर चढून मिळवली, एवढंच, ऋतू तिकडे आहेतच.

आता वाढ आणि पोषण. जितकं वर जाल तितका वाढीचा काळ कमी होतो, खोडाची वर्षाची कडी बारीक पडते, झाड खुजं राहतं. थंड मातीत पालापाचोळा कुजायला वेळ लागतो त्यामुळे नत्र आणि स्फुरद मातीत हळूहळू सुटतात, तरी गंमत अशी की थंड प्रदेशातल्या झाडांच्या पानांत या दोन्हींचं प्रमाण सहसा उष्ण प्रदेशातल्या झाडांपेक्षा जास्त सापडतं, कारण गारठ्यात काम उरकायला पानाला तयारी जास्त लागते. बियातल्या तेलाचंही तसंच. दाणा भरताना हवा थंड असली की तेलात न गोठणारी, म्हणजे असंपृक्त, फॅटी ॲसिड्स वाढतात. सूर्यफुलात हे चांगलं तपासलेलं आहे. चिलगोज्यात साधारण निम्मं वजन तेलाचंच असतं, प्रोटीन 14 टक्क्यांच्या आसपास, आणि हे तेल बहुतेक असंपृक्तच. एक मात्र सांगतो, झाड जंगली असल्यामुळे उतार, उंची, त्या वर्षीचा बर्फ, सगळ्याने दाणा बदलतो, तेव्हा पॅकेटवरचा आकडा सरासरी समजा. आणि चिलगोजा खाऊन वजन उतरतं वगैरे फॉरवर्ड फिरतात, ते आम्ही पॅकेटवर छापणार नाही.

रेटचं खरं कारण मात्र शंकूत, म्हणजे पाइनच्या ज्या खवल्या-खवल्यांच्या बोंडात बी भरतं त्यात आहे. मे-जूनमध्ये परागीभवन होतं आणि शंकू पिकतो तो पुढच्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे एकाच फांदीवर यंदाचा मोठा शंकू आणि पुढच्या वर्षीचा बोटाच्या पेराएवढा बारका शंकू एकदम असतात. उंच झाडावर चढून, आकडीच्या काठीने, शंकू उघडायच्या आत पाडावे लागतात, आणि घाईत फांदीच तोडली की पुढच्या वर्षीचं पीक पण गेलं. सगळेच शंकू उतरवले तर खाली बी पडत नाही, नवीन रोपं उगवत नाहीत, म्हणून ही जात आता धोक्याच्या उंबरठ्यावरच्या यादीत आहे. त्यात मे 2022 मध्ये बलुचिस्तानातल्या शेरानी भागात मोठा वणवा लागून चिलगोज्याचं जंगल जळालं, आणि 2018 पासून काबूलचा माल विमानाने थेट चीनला जायला लागला. मग आपल्याकडे रेट उतरणार कसा.

घेताना दाणा लांबट, तपकिरी, दोन-अडीच सेंटीमीटरचा आणि कवच दातांनी सहज फुटेल इतकं पातळ हवं. सोललेला, आखूड, पांढरा थेंबासारखा दाणा कोणी चिलगोजा म्हणून देत असेल तर तो बहुतेक दुसऱ्या पाइनचा, खायला वाईट नाही पण भाव चिलगोज्याचा देऊ नका. आम्ही दोन्ही ठेवतो, वेगळ्या डब्यात, वेगळ्या रेटने.

आणि दाण्यातलं तेच असंपृक्त तेल उन्हाळ्यात लवकर खवट होतं, त्यामुळे कवचासकट घ्या, हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, लागतील तेवढेच फोडा. चव कडवट लागली तर टाकून द्या, भाजून काही उपयोग होत नाही. नवा माल ऑक्टोबरनंतरच खाली उतरतो, दिवाळी लवकर असेल त्या वर्षी डब्यात मागच्या हंगामाचाच असण्याची शक्यता जास्त, तेव्हा ऑर्डर देताना विचारून घ्या, आम्ही सांगतो.