सिलिकोन : विजेच्या गरजेतून घरात आलेला पदार्थ

होळी आटोपली की नागपुरात कूलर माळ्यावरून खाली उतरतात. खसाच्या ताट्या बदलल्या जातात, पंप तपासला जातो आणि टाकी गळत असेल तर घरातले कोणीतरी म्हणतेच, "सिलिकॉन मारून घे." इतवारीत लोहाओळीच्या दुकानात गेले की काउंटरवरचा माणूस विचारतो, "काचेसाठी पाहिजे का बाथरूमसाठी, भाऊ?" हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर शंभर-सव्वाशे वर्षांच्या रसायनशास्त्रात दडलेले आहे.

आधी एक फरक लक्षात घेऊ. मोबाइलच्या चिपमध्ये असते ते सिलिकॉन हे मूलद्रव्य. स्वीडनच्या बर्झेलियसने ते १८२४ मध्ये वेगळे केले. बाजारात आपण ज्या लवचीक पदार्थाला सरसकट सिलिकॉन म्हणतो, तो या मूलद्रव्यापासून रासायनिक प्रक्रियेने बनवलेला सिलिकोन. कन्हान नदीच्या वाळूत भरपूर असलेली सिलिका हीच त्याची दूरची आई. कारखान्यात मात्र नदीची वाळू चालत नाही. तिथे शुद्ध गारगोटी कोळशासोबत विजेच्या भट्टीत सुमारे २००० अंशांना तापवून सिलिकॉन मिळवतात आणि तिथून पुढची वाट सुरू होते.

ही वाट सापडायला फार वेळ लागला. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला फ्रेडरिक स्टॅन्ली किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जवळपास चार दशके सिलिकॉन आणि कार्बन यांची संयुगे बनवली, पन्नासहून अधिक शोधनिबंध लिहिले. त्यांना हवे होते स्वच्छ, स्फटिकरूप, नेमक्या रचनेचे पदार्थ. पण काचपात्राच्या तळाशी वारंवार उरायचे ते कुरड्यांच्या चिकासारखे चिवट, गोंदट लगदे. किपिंग यांना त्यांचा उपद्रवच वाटे. १९३६ मध्ये रॉयल सोसायटीच्या मानाच्या बेकेरियन व्याख्यानात त्यांनी या शाखेत नजीकच्या काळात मोठी प्रगती होण्याची फारशी आशा दिसत नाही, असे सांगून टाकले. पुढे साऱ्या जगाला उपयोगी पडला तो नेमका हाच चिकट लगदा. किपिंग यांची चिकाटी मला या सगळ्या कथेतली सर्वात मोलाची गोष्ट वाटते. त्यांनी नोंदवून ठेवलेल्या पद्धती नसत्या तर पुढच्यांना अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली असती.

बाहेरच्या जगात तेव्हा एक वेगळीच अडचण उभी होती. विजेच्या मोटारी आकाराने लहान आणि ताकदीने मोठ्या होत होत्या. त्या तापल्या की तारांवरचे सुती, कागदी, लाखेचे आवरण जळून जायचे. अमेरिकेत कॉर्निंग ही काचेची कंपनी काचतंतूंची पट्टी बनवत होती. ती उष्णता सहज सोसायची, पण पट्टीतल्या फटी भरायला तितकेच उष्णता सोसणारे रेझिन, म्हणजे राळेसारखा घट्ट होणारा पदार्थ, हवे होते. कॉर्निंगचे रसायनशास्त्रज्ञ जे. फ्रँकलिन हाइड यांनी किपिंग यांच्या लगद्यांकडे या नजरेने पाहिले आणि १९३० च्या दशकात तसे रेझिन बनवून दाखवले. जनरल इलेक्ट्रिकमध्ये यूजीन रोचो याच प्रश्नावर काम करत होते. उष्णतेत आधी तुटतात ते कार्बन-कार्बन बंध, तेव्हा असे बंधच नसलेले, केवळ मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जोडलेले सिलिकोन बनवावे, हा त्यांचा विचार. १० मे १९४० रोजी त्यांना सोपी वाट सापडली. सिलिकॉनची पूड, उत्प्रेरक म्हणून तांबे, आणि सुमारे ३०० अंश तापमानाला त्यातून सोडलेला मिथाइल क्लोराइड वायू. जर्मनीत रिचर्ड म्युलर यांनीही जवळपास त्याच सुमारास स्वतंत्रपणे हीच पद्धत शोधली. जगभरचे सिलिकोन आजही मुख्यतः याच मार्गाने बनते.

१९४३ मध्ये डाऊ आणि कॉर्निंग या कंपन्यांनी मिळून डाऊ कॉर्निंग उभी केली. तिचे पहिले उत्पादन म्हणजे विमानांच्या इंजिनातील प्रज्वलन यंत्रणेला लावायचा एक लेप. उंचावरच्या विरळ हवेत तारांतून ठिणगी बाहेर उडायची आणि इंजिन अडखळायचे. या लेपाने ते थांबवले. पुढे सिलिकोन रबर आले, तापणाऱ्या यंत्रांची गास्केटे आली. १९६९ साली चंद्रावर उमटलेल्या बुटांचे तळही सिलिकोन रबराचेच होते.

एवढे सगळे एकाच पदार्थाला कसे जमते? सिलिकोनच्या साखळीत सिलिकॉन आणि ऑक्सिजन आळीपाळीने येतात, काचेत असतात तसेच. हा बंध तोडायला मोलमागे, म्हणजे ठरावीक संख्येच्या बंधांमागे, सुमारे ४५० किलोज्यूल ऊर्जा लागते, तर साध्या प्लास्टिकमधला कार्बन-कार्बन बंध सुमारे ३५० मध्ये तुटतो. त्यात ही साखळी अतिशय सैल वळते आणि तिच्या बाहेरच्या बाजूला पाण्याला दूर ठेवणारे मिथाइल गट असतात. म्हणून सिलिकोन उणे ५० अंशांना कडक होत नाही, २०० अंशांना वितळत नाही आणि पाणी त्यावर ठरत नाही. नैसर्गिक रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात, त्यांच्यावर ओझोन आणि ऊन हल्ला करतात. पारा ४५ ओलांडणाऱ्या आपल्या मे महिन्यात गच्चीवरचे काळे रबर दोन-तीन उन्हाळ्यांत भेगाळते, सिलिकोन तग धरते, ते यामुळेच.

आता परत कूलरच्या टाकीकडे. ट्यूबमधला लगदा वाळत नाही, तो हवेतला ओलावा घेऊन पक्का होतो. बाहेरून आत, साधारण दमट हवेत दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता कधी कधी २० टक्क्यांच्याही खाली उतरते. अशा वेळी वरची साय पक्की दिसते आणि आतला थर ओलाच राहतो. मिस्त्री संध्याकाळी पाणी भरायला सांगतो आणि दुसऱ्या दिवशी जोड पुन्हा पाझरतो. अशा कोरड्या दिवसांत आणखी दोन दिवस थांबावे. दुसरी गोष्ट वासाची. व्हिनेगरसारखा झणझणीत वास येणारे सिलिकोन पक्के होताना ॲसिटिक आम्ल सोडते. काचेला ते उत्तम धरते, पण पत्र्याला गंज चढवते, संगमरवरावर डाग पाडते, आरशाची मागची चकाकी खाते. पत्र्याच्या टाकीला न्यूट्रल, म्हणजे असे आम्ल न सोडणारी, लिहिलेली ट्यूबच घ्यावी. जुन्या सिलिकोनवर नवे चिकटत नाही, तेव्हा आधीचे ब्लेडने खरवडून काढणे भाग आहे.

रंगकामवाल्यांशी त्याचे जमत नाही तेही याच स्वभावामुळे. भिंतीवर किंवा गाडीच्या पत्र्यावर सिलिकोनचा अंश राहिला तर रंग तिथून मागे सरतो आणि खड्डे दिसतात. मात्र अगदी नेमक्या, अत्यल्प प्रमाणात तेच रंगात घातले तर रंग सपाट बसतो. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या, तेल आणि रंगांचे तंत्रज्ञान शिकवणाऱ्या नागपूरच्या लक्ष्मीनारायण संस्थेत हे विद्यार्थ्यांना नवे नाही.

शहराच्या वर, तारांवर, सिलिकोनचे एक काम चालू असते ज्याकडे आपले लक्ष जात नाही. उच्चदाबाच्या वाहिन्या आणि रेल्वेच्या २५ किलोव्होल्ट तारा चिनी मातीच्या इन्सुलेटरवर टेकलेल्या असत. त्यावर धूळ आणि कोळशाची राख बसली आणि हिवाळ्यात पहाटे दव पडले, की ओल्या थरातून वीज वाहू लागते आणि कधी कधी भडका उडतो. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या आसमंतात राख काय असते हे सांगायला नको. सिलिकोन रबराच्या इन्सुलेटरवर पाण्याचे सुटे थेंब होतात, सलग पापुद्रा बनत नाही. त्याहून सुंदर गोष्ट अशी की रबरातल्या लहान साखळ्या हळूहळू बाहेर येऊन वर बसलेल्या धुळीत मुरतात आणि ती धूळसुद्धा पाणी झटकू लागते. हा गुण दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या प्लास्टिकमध्ये मला माहीत नाही.

वैद्यकशास्त्रात सिलिकोनला मोठे स्थान मिळाले त्यामागे एका बापाची तळमळ होती. फिलाडेल्फियाचे तंत्रज्ञ जॉन होल्टर यांच्या मुलाच्या मेंदूत पाणी साचत होते. ते बाहेर नेणारी एकदिशा झडप त्यांनी सिलिकोनची बनवली आणि १९५६ पासून डॉक्टर ती वापरू लागले. शरीर सिलिकोनला फारसा विरोध करत नाही, म्हणून कॅथेटर, बाळाच्या बाटलीची बोंडी, मासिक पाळीचे कप इथवर ते पोहोचले. पोटातला गॅस फोडणाऱ्या गोळ्यांतले सिमेथिकोन हेही सिलिकोनच. काळी बाजूही आहे. १९६२ पासूनच्या स्तनरोपणांवर अमेरिकेत इतके खटले झाले की १९९५ मध्ये डाऊ कॉर्निंगने दिवाळखोरी जाहीर केली. रोपणांमुळे शरीरभर पसरणारे आजार होतात याला पुढच्या मोठ्या वैद्यकीय आढाव्यात आधार मिळाला नाही, पण रोपण फुटणे आणि भोवतालची ऊती कडक होणे ही दुखणी खरी होती. २०१० मध्ये फ्रान्सच्या एका कंपनीने रोपणात औद्योगिक दर्जाचे सिलिकोन भरल्याचे उघड झाले. नाव तेच, पदार्थ वेगळा.

नाव आणि पदार्थ यांतला हा फरक आपल्या बाजारातही आहे. बर्डीवर सिलिकॉन म्हणून विकली जाणारी बरीच मोबाइल कव्हरे मुळात टीपीयू नावाच्या प्लास्टिकची असतात. कव्हरात त्याने बिघडत नाही. स्वयंपाकघरात बिघडते. केकच्या भांड्यावर, कालथ्यावर फूड ग्रेड आणि सोसणारे तापमान लिहिलेले नसेल तर घेऊ नये. शंका आलीच तर कडेचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून, मोकळ्या हवेत, पेटवून पाहता येतो. सिलिकोन जळल्यावर पांढरी राख उरते, तीच मूळची सिलिका. प्लास्टिक वितळून ठिबकते आणि बहुतेक वेळा काळा धूर सोडते. चांगले सिलिकोनही तव्याच्या कडेला किंवा थेट आचेवर ठेवू नये. तेल आणि वास ते शोषून घेते, त्यामुळे हळद-लसणाच्या फोडणीचा कालथा आणि केकचा साचा वेगळे ठेवलेले बरे.

केसांच्या सीरममधली हलकी, उडून जाणारी सिलिकोने पर्यावरणात लवकर मोडत नाहीत, म्हणून युरोपीय संघाने २०२० पासून धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांत त्यांच्यातल्या दोघांचे प्रमाण ०.१ टक्क्याखाली आणले. रबरी सिलिकोन रसायनांनी मोडून पुन्हा कच्चा माल मिळवता येतो, पण त्यासाठी ते वेगळे गोळा व्हावे लागते. आपल्याकडे भंगारवाला ते घेत नाही, त्यामुळे जुने साचे आणि गास्केटे बाकी कचऱ्यासोबत भांडेवाडीच्या कचरा डेपोतच जातात.