जिना चढतात, पण उंबरठ्यावर अडकतात? पार्किन्सनच्या पेशंटच्या घरच्यांसाठी

आमच्या फिजिओथेरपी सेंटरला रत्नागिरी आणि आजूबाजूच्या वाड्यांमधनं पार्किन्सनचे पेशंट येतात, आणि घरच्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच, "अण्णा जिना धडाधड चढतात ओ, पण दारातून आत यायचं म्हटलं की तिथेच उभे, मुद्दाम करतात." मुद्दाम अजिबात करत नाहीत. मागून "चला चला" करणाऱ्यांनी तर हे नक्की वाचा.

मेंदूच्या खूप आत, मध्यमेंदू नावाच्या भागात डावीउजवीकडे एकेक काळपट पट्टा असतो, सबस्टॅन्शिया नायग्रा. काळेपणा न्यूरोमेलॅनिनचा, आणि ह्याच रंगीत पेशी डोपामिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन बनवतात, त्यांचे बारीक तंतू वर स्ट्रायटम नावाच्या भागापर्यंत जातात आणि तिथे ते डोपामिन सोडतात. पार्किन्सनमध्ये ह्या पेशी हळूहळू मरतात, पट्टा फिका पडतो, आणि हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याच आधीच गेलेल्या असतात. सुरुवात सहसा एकाच बाजूने होते, डावा पट्टा जास्त खराब तर उजवा हात.

आता काम काय ह्याचं? स्ट्रायटम, सबथॅलॅमिक न्यूक्लियस वगैरे सगळे मिळून बेसल गँग्लिया होतात, ताकद इथून येत नाही. खारभूमीच्या बांधाला उघाडी असते ना, पाणी अडवून धरायचं आणि वेळ झाली की हवं तेवढंच सोडायचं, तसं हे नको त्या हालचाली रोखतात आणि हवी ती सोडतात, आणि ते सोडणं डोपामिनमुळे सहज होतं. डोपामिन कमी पडलं की पायात जोर असूनही पाऊल सुटत नाही, अक्षर बारीक होतं, आवाज खाली जातो, चेहऱ्यावर हसू दिसत नाही (ते रागावलेले नसतात हो!).

सवयीचं, विचार न करता चालणं ह्याच वाटेने होतं. पण डोळ्यांना खूण दिसली किंवा कानाला ठेका मिळाला की मेंदू दुसरी वाट वापरू शकतो, म्हणून जिना जमतो, प्रत्येक पायरी समोर दिसते, आणि सपाट दारात अडतं.

मग दाराच्या अलीकडे पलीकडे एकेका पावलाच्या अंतरावर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या मारा, सारवलेली जमीन असेल तर चुन्याच्या रेघा, आणि रेघ ओलांडायची असं सांगा. भजनाला बसणारे असतील तर टाळाचा ठेका द्या, त्यावर पावलं छान पडतात. हात धरून ओढू नका, तोल जातो. वळताना जागच्या जागी नको, मोठा वळसा घेऊन. आणि उंबरठा ओलांडताना त्यांच्याशी गप्पा नकोत.

गोळीबद्दल थोडं. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, गोळीतलं लिव्होडोपा शिरतं आणि आत त्याचं डोपामिन होतं. 1957 साली स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांनी सशांना मेंदूतलं डोपामिन संपवणारं रिसर्पिन दिलं, आपल्या सर्पगंधेत असतं तेच, ससे निपचित पडले, मग लिव्होडोपा दिल्यावर परत हालायला लागले! 2000 साली त्यांना नोबेल मिळालं.

लिव्होडोपा आणि प्रोटीन आतड्यातून एकाच वाटेने शोषले जातात, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी. मासे बंद करू नका, फक्त गोळीसोबत नकोत. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून कोरड्या बिस्किटाबरोबर द्या. गोळी अचानक थांबवणं धोक्याचं आहे, गावाला जाताना स्टॉक बघून निघा.

खाजकुयलीच्या बियांबद्दल आम्हाला खूप लोक विचारतात. त्यात लिव्होडोपा असतं हे खरंय, पण कुठल्या पावडरीत किती ते घरी कळत नाही, आणि गोळी चालू असताना वरून तीही घेतली तर डोस जास्त होऊन अंग वेडंवाकडं हलायला लागू शकतं, भास होऊ शकतात. न्यूरोलॉजिस्टला सांगितल्याशिवाय नको.

पहिल्यांदा येताना गोळ्यांच्या वेळा आणि दिवसात कधी कधी पाय अडकतो ते कागदावर लिहून आणा. घरी येऊन दारं, मोरी, पडवी बघायची असेल तर तसं सांगा, पट्ट्या आम्हीच मारून देतो.