मानेतली कळ कपाळात का जाणवते?

कवटी जिथे मानेला मिळते, तिथे मागच्या बाजूला डावीकडे-उजवीकडे चार-चार छोटे स्नायू असतात. सुमारे पाच किलोचं डोकं तोलायला आणि नजर स्थिर ठेवायला ते मदत करतात. हनुवटी पुढे काढून स्क्रीनकडे पाहत बसलं, की मानेचा खालचा भाग पुढे झुकतो आणि नजर समोर राहावी म्हणून वरचा भाग मागे वळतो. हे स्नायू मग आखडलेलेच राहतात.

पण दुखतं कपाळ! मानेतल्या वरच्या तीन नसा आणि चेहरा-कपाळाची ट्रायजेमिनल नस, दोन्हींचे संदेश मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच पेशीसमूहात पोहोचतात. कळ नेमकी कुठून आली हे मेंदूला उलगडत नाही आणि ती डोळ्यामागे जाणवते. खांद्यावरचा ट्रॅपेझियस स्नायू दाबल्यावर काहींचं कानशील दुखतं, तेही बहुधा याचमुळे.

सगळा दोष पोक काढून बसण्याला देता येत नाही. तसं बसणाऱ्या कित्येकांचं डोकं दुखत नाही. नुसतं ‘ताठ बसा’ म्हणणं अपुरं आहे. ताठ बसूनही तासभर हललं नाही, तर स्नायू थकतातच. दर अर्ध्या तासाने उठणं जास्त कामाचं.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीत असावी. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर ती आणखी खाली घ्या, नाहीतर काचेच्या खालच्या भागातून वाचायला हनुवटी सतत उचलावी लागते. व्यायाम सोपा आहे: नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे सरकवा, 5 सेकंद थांबा, असं 10 वेळा. बरेच जण मागे नेताना हनुवटी वर उचलतात. त्याने तेच स्नायू आणखी आखडतात. हाताला मुंग्या आल्या तर थांबा. जबड्याकडेही लक्ष असू द्या: गप्प बसलेलं असताना दात एकमेकांना टेकलेले नसावेत.

ताणाची डोकेदुखी सहसा दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखी असते, जिना चढल्याने वाढत नाही. ठसठस, मळमळ, उजेड नकोसा होणं ही मायग्रेनची लक्षणं. मान मात्र मायग्रेनमध्येही दुखते, त्यामुळे तेवढ्यावरून निदान करू नये. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागू शकतं.

क्षणात शिगेला पोहोचलेली डोकेदुखी, तापासोबत ताठरलेली मान, हातापायातली कमजोरी किंवा डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं असेल, तर व्यायाम करत बसू नका. लगेच रुग्णालयात जा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही डॉक्टरांना लवकर दाखवावी.