अमेरिकेत लाकडाची फर्नेस घेताय? आधी तिच्यावरची पट्टी वाचा

मिशिगन, मिनेसोटा, व्हर्मॉन्टकडे गावाबाहेर घर घेणारी आपली मंडळी तळघरातली लाकडाची फर्नेस, म्हणजे लाकूड जाळून घरभर गरम हवा पोचवणारी भट्टी, बघून हरखतात आणि मग विचारतात, "हिच्या धुराची चाचणी करून घ्यायला अर्ज कुठे करायचा?" कुठेच नाही. प्रमाणपत्र घराला मिळत नाही, मॉडेलला मिळतं आणि त्यासाठीचा अर्ज कंपनी करते.

नियम केंद्रीय पर्यावरण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा. 2015 पर्यंत घर गरम हवेनं तापवणाऱ्या फर्नेसला केंद्राची मर्यादाच नव्हती; खोलीत ठेवायच्या स्टोव्हला मात्र 1988 पासून होती. 2015 च्या नियमानं पहिला टप्पा घातला: दर दहा लाख बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णतेमागे धुरातले सूक्ष्म कण जास्तीत जास्त 0.93 पौंड. लहान फर्नेसना तो 2016 पासून लागू झाला, मोठ्यांना 2017 पासून. 15 मे 2020 पासून मर्यादा थेट 0.15 वर आली. त्यामुळे दुकानात पडून राहिलेला पहिल्या टप्प्याचा नवा माल त्यानंतर विकता येत नाही, कितीही सवलत दिली तरी. आधीच बसवलेल्या जुन्या फर्नेसला हा केंद्रीय नियम हात लावत नाही. राज्याचे आणि काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) नियम मात्र वेगळे असू शकतात.

कंपनीला चाचणीच्या किमान 30 दिवस आधी ईपीएला कळवावं लागतं. चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते, अहवाल त्रयस्थ संस्था तपासते आणि मग ईपीए पाच वर्षांसाठी प्रमाणपत्र देते. चाचणीतली फर्नेस सीलबंद करून जपून ठेवावी लागते.

खरी गोम चाचणीच्या लाकडात आहे. स्टोव्हच्या जुन्या पद्धतीत एका मापात कापलेल्या पट्ट्या रचून जाळतात. घरी आपण जाळतो ते वेडेवाकडे, साल असलेले ओंडके. म्हणून फोडलेल्या लाकडावरची पद्धत आली. पण तिच्यात प्रयोगशाळेला फारच मोकळीक मिळते असे आक्षेप आले आणि ईपीएनं स्टोव्हसाठी दिलेली तिची मान्यता काढून घेतली. फेब्रुवारी 2023 मध्ये तर ईपीएच्याच महानिरीक्षकांनी लिहिलं, की ग्राहकापर्यंत पोचणाऱ्या उपकरणांची नीट चाचणी झाली आहे, याची पुरेशी खात्री हा कार्यक्रम देत नाही. म्हणून माझं मत, नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. कंपनीला चाचणी अहवाल संकेतस्थळावर ठेवावाच लागतो. तो उघडून मंद आचेवरचे आकडे बघा. रात्रभर फर्नेस त्याच आचेवर असते.

तुमच्या बाजूनं कागद थोडेच. फर्नेसवर कायमची बसवलेली धातूची पट्टी असते. तिच्यावरचं मॉडेल, क्रमांक आणि उत्पादनाची तारीख स्पष्ट दिसेल असा फोटो घ्या. काजळी असेल तर आधी ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर 3 चा 8 दिसतो. सोबत बिल, वॉरंटी आणि मालकाची पुस्तिका. पुस्तिका फेकू नका: फर्नेस तीत लिहिल्याप्रमाणेच चालवणं हाही नियमाचाच भाग आहे. कचरा, प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड जाळायला बंदी आहे. बसवण्याआधी स्थानिक बांधकाम खात्याचा परवाना लागतो का ते विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा.

आणि विक्रेता अजूनही "30 टक्के कर परत मिळेल" म्हणत असेल, तर विश्वास ठेवू नका. लाकडी स्टोव्ह-बॉयलरवरची ती केंद्रीय करसवलत, कमाल 2,000 डॉलरची, 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या उपकरणांना मिळत नाही.