पारा चाळिशीपार म्हणजे उष्णतेची लाट? नाही!

एप्रिल उजाडला की नाशिककरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तेच सुरू होतं: पारा ४० पार, उष्णतेची लाट आली. हवामान खात्याचा हिशेब मात्र एवढा सरळ नाही.

मैदानी भागात कमाल तापमान ४० गाठणं ही फक्त पहिली पायरी. ते त्या ठिकाणच्या, त्या दिवसांतल्या सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असावं लागतं, ६.४ च्या वर गेलं की तीव्र लाट. थेट ४५ भरले तर सरासरी बघायची गरज नाही. शिवाय एकाच केंद्रावरची नोंद पुरत नाही. हवामान उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं घडलं, की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

म्हणून सरासरी ३७.५ असलेल्या गावात ४२ अंश लाटेच्या निकषात बसतात, पण जिथे ४१ हीच सरासरी, तिथे ४४ बसत नाहीत. मालेगाव-जळगावकडच्यांना हे पटवणं अवघड, कबूल! किनारपट्टीला तर पहिली पायरी ४० ऐवजी ३७ चीच, त्यामुळे मुंबईत मार्चमध्येही लाट येते.

आणि गाडीच्या डॅशबोर्डवरचे ४६? ते सोडाच. अधिकृत तापमान सावलीत, हवा खेळत्या पांढऱ्या पेटीत मोजतात. रविवार कारंजाच्या तापलेल्या डांबरावर नाही.

लाट जाहीर झाली नाही म्हणजे ऊन सोसवेल, असंही नाही. दमटपणा या निकषात धरलेलाच नाही.