दीड सेंटिमीटरची अडचण

गेल्या पावसाळ्यानंतर बाबांना घेऊन एका सरकारी कचेरीत गेलो होतो. बगलेत फाइल, पायात चपला. फाटकापाशी पोचता पोचता ते अडखळले. मी दंड धरला म्हणून पडले नाहीत. वळून पाहिलं तर खड्डा नाही, दगड नाही. एक पेव्हर ब्लॉक शेजारच्या ब्लॉकपेक्षा जेमतेम बोटाच्या जाडीइतका वर आलेला.

"माझंच लक्ष नव्हतं रे," बाबा म्हणाले.

लक्ष होतं. पाऊल पुढे नेताना एका क्षणी पायाचा अंगठा जमिनीच्या अगदी जवळून, भरवेगात जातो. तेव्हा दोहोंमधलं अंतर असतं साधारण १ ते २ सेंटिमीटर. पाय उगाच जास्त उचलायचा म्हणजे ताकद वाया, म्हणून शरीर इतकी काटकसर करतं. उतारवयात हे अंतर पावलागणिक कमीजास्त होऊ लागतं. दीड सेंटिमीटर वर आलेला ब्लॉक तरुणाच्या पायाखालून बहुतेकदा निसटतो. म्हाताऱ्या माणसाचं एखादं पाऊल त्यात अडकतंच.

ब्लॉक वर का येतो? खाली वाळूचा थर असतो. पाणी मुरलं की वाळू सरकते, कडेचा दगड पक्का नसेल तर सांधे सुटतात, आणि वर मोटारसायकली चढवल्या की उरलेलं काम त्या करतात. म्हणून फूटपाथ दुरुस्त करायचा तर आधी त्याचा पाया, पाण्याचा निचरा आणि कड बघायला हवी. वरचे ब्लॉक बदलून नवा रंग दिला तर पुढच्या पावसाळ्यानंतर तीच गत होते.

सरकारी कचेऱ्यांचा परिसर म्हटलं की मला वांद्रे पूर्व आठवतं. उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय, म्हाडाचं गृहनिर्माण भवन, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, पुढे बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, कौटुंबिक न्यायालय. इथे येणारा माणूस हौसेने येत नाही. दाखला, घराचा कागद, नाहीतर कोर्टाची तारीख त्याला आणते. त्यात म्हातारी माणसं असतात, काठी टेकणारी असतात, कडेवर मूल घेतलेल्या बायका असतात. वाट आखायची तर मोजमाप यांच्या पावलांचं घ्यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

मुंबईतला पहिला स्कायवॉक, म्हणजे पादचाऱ्यांचा उंच पूल, याच भागात, वांद्रे स्टेशनापासून कलानगरकडे, २००८ मध्ये सुरू झाला. हेतू चांगला होता: गर्दीतून, गाड्यांतून माणसाची सुटका. पण स्कायवॉक म्हणजे आधी जिना. सहा मीटर चढायला ६० किलोच्या माणसाला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात तो सपाटीवर ७०-एक मीटर चालतो. एवढंच असतं तर चाललं असतं. खरा भार गुडघ्यावर येतो. सपाटीवर चालताना गुडघ्याच्या सांध्यावर वजनाच्या सुमारे अडीच पट जोर येतो, जिना उतरताना तो साडेतीन पटींच्या आसपास जातो. ६० किलोच्या बाईच्या गुडघ्यावर दर पायरीला २०० किलो! मग ती खालूनच रस्ता ओलांडते आणि आपण तिला बेशिस्त म्हणतो.

खालून ओलांडणं सुरक्षित करता येतं. १५ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस साडेबारा सेकंदांत पार करतो, ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना जवळपास १९ सेकंद लागतात. सिग्नल पहिल्याच्या हिशेबाने लावला तर आजी मध्येच अडकतात. मधोमध उभं राहायला दुभाजकात जागा ठेवली की हाच रस्ता दोन टप्प्यांत, दमाने ओलांडता येतो.

कोपऱ्याचंही तसंच. वळणाची त्रिज्या १५ मीटर असेल तर गाडी ताशी २४ किलोमीटरच्या आसपास आरामात वळते. त्रिज्या ६ मीटर केली की तीच गाडी १५ वर येते. पोलीस नको, पाटी नको. कोपऱ्याचा दगडच वेग कमी करतो.

सायकलींचं दुखणं वेगळं. बीकेसीत सायकल ट्रॅक बांधला होता. त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या. सायकलस्वाराला एकदा थांबून पुन्हा ताशी १५ किलोमीटरचा वेग धरायचा, तर सुमारे ७०० ज्यूल ऊर्जा लागते. तेवढ्यात तो एरवी ६०-६५ मीटर पुढे गेला असता. दर शंभर मीटरला अडथळा आला की मेहनत दीडपटीहून जास्त होते. चहावाला, पाववाला, रात्रपाळीचा रखवालदार ही माणसं आजही सायकल चालवतात, आणि ती असा ट्रॅक सोडून मुख्य रस्त्यावर जाणारच. ट्रॅक सलग हवा आणि त्याच्या कडेला गाडी चढणार नाही एवढी उंची हवी.

चांगला फूटपाथ हा संविधानाच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं आहे.

त्या दिवशी काम काही झालं नाही, साहेब रजेवर होते. परतताना बाबा फूटपाथ सोडून डांबरी रस्त्याच्या कडेने चालू लागले. मी हात धरून आत ओढलं, तर म्हणाले, "अरे, इथे सपाट आहे."